आतून कडी लागणारी खोली

४ डिसेंबर १९५९

कडी आतून लागते! तीनदा लावली, तीनदा काढली. कमलाबाई बाहेर उभ्या राहून हसत होत्या. म्हणाल्या, "सुभद्रा, झिजेल ती."

दीड महिना शाळेच्या हॉलमध्ये काढला. चाळीस कुटुंबं, मधे साड्यांचे पडदे. अंग पुसायचं तर शेजारणीला पाठ करून आडोसा धरायला उभं करायचं. आणि आता ही खोली. माझी एकटीची. सहा पावलं लांब, पाच पावलं रुंद. खिडकीतून समोरच्या चाळीची गॅलरी दिसते, तिच्यावर कुणाचं तरी हिरवं लुगडं वाळत असतं. दिवसभर हलत असतं.

हे परळचं जुनं सूतिकागृह. चार वर्षं बंद पडलं होतं. दसऱ्यानंतरच्या त्या वादळात ज्यांच्या झोपड्या समुद्राने नेल्या आणि ज्यांना मागेपुढे कुणी नाही, अशा नऊ जणांना मदत समितीने इथे आणलंय. बहुतेक म्हातारे. एक आंधळी. एक डोक्याने हललेला. आणि मी — पोटुशी. सहावा लागला.

कमलाबाई नर्स आहेत. आमच्या देखरेखीला खालच्याच खोलीत राहतात. ही वही त्यांनीच दिली. "रडू येत नाही म्हणतेस ना, मग लिही." चौथीपर्यंत शिकलेय. लिहीन.

५ डिसेंबर

झोप लागली. कडी लावून.

६ डिसेंबर

कमलाबाई आज पांढरी साडी नेसून दादर चौपाटीला गेल्या. बाबासाहेबांना जाऊन तीन वर्षं झाली. संध्याकाळी परत आल्या तर पायांना वाळू. ती वाळू बघून मी तोंड फिरवलं. त्यांना कळलं असणार. आधी मोरीत जाऊन पाय धुतले, मगच माझ्याशी बोलल्या.

राधाबाई, माझ्या शेजारच्या खोलीतल्या आंधळ्या म्हाताऱ्या, मालवणकडच्या, त्यांनी कमलाबाईंना विचारलं, "खंयच्या गो तुम्ही?"

"नायगावची. बीडीडी चाळीतली. बौद्ध."

राधाबाई पदराचं टोक चाचपत राहिल्या. बराच वेळ. मी आपली फरशीकडे बघत होते. मग हात पुढे केला न् म्हणाल्या, "पाणी दी गो."

कमलाबाईंनी दिलं. राधाबाई सगळं प्यायल्या.

११ डिसेंबर

दुपारी पडल्यापडल्या डोळा लागला. हे आले होते. खिडकीत बसले होते पाय सोडून. अंग कोरडं होतं! मी म्हटलं, आधी कळवायचं तरी. हे म्हणाले, "बरी आसा गो खोली." मग भिंतीवरून हात फिरवत राहिले, जसं पडावाच्या, त्या शिडाच्या होडीच्या, लाकडावरून फिरवतात तसं. मिलचा भोंगा झाला न् जाग आली. जाग आल्यावरही भोंगा मला गलबताचाच वाटत होता. खोली हळूहळू पाण्यावरून सरकतेय असं वाटलं. उठवेना. उठावंसंही वाटेना.

१५ डिसेंबर

समितीचे नाना आले. गिरगावातले मास्तर, आता निवृत्त. छप्पन्न साली सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. बोलणं इतकं मऊ की माणूस नाही म्हणू शकत नाही. हातात छापील कागद.

म्हणाले, "ताई, हे घर निराधारांसाठी आहे. इतरांचे अर्ज झाले. तुमचा एक रकाना रिकामा आहे."

रकाना असा — पतीचे नाव. आणि त्याच्यापुढे: हयात / मयत.

मी म्हटलं, "ते सापडले नाहीत."

"पडाव फुटला, ताई. पाच जण होते. तिघांची प्रेतं रेवदंड्याला लागली."

"म्हणजे दोघं नाही लागली."

नानांनी चष्मा काढून पुसला. नियम समितीचा आहे, त्यांचा एकट्याचा नाही. नवरा हयात असेल तर बाई निराधार ठरत नाही, खोली कायमची मिळत नाही. मुदत मे अखेरपर्यंत.

कागद मी कमलाबाईंकडे ठेवायला दिला. खोलीत नको तो.

१६ डिसेंबर

ह्यांना पोटातलं माहीत नाही. अकरा वर्षांत दोनदा राहून गेलं. म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं, चौथा पुरा झाला की मगच सांगायचं. दसरा करून हे भाऊच्या धक्क्यावर गेले, तिथून पडावाने कौलं आणायला. महिन्यातले वीस दिवस बाहेरच असायचे. दारातून वळून म्हणाले, "येतंय." मी मनात म्हटलं, या, मग सांगते.

आठव्या दिवशी वादळ.

त्या सकाळचं लिहायला बसले होते. नाही जमत. एवढंच — पाणी आवाज न करता आलं. चुलीखालून आलं. मी चुलीवरचं भांडं उचललं न् भांडं हातात धरून रस्त्यापर्यंत पळाले. भांड्यात पेज होती. पाठीमागे बघितलं तर प्रभादेवीची आमची सगळी वस्ती पाण्यावर टोपल्यांसारखी हलत होती.

२ जानेवारी १९६०

धोंडूकाकांना हे घर म्हणजे गलबत वाटतं. बंदरात हमाल होते चाळीस वर्षं. वादळात डोक्यावर वासा पडला, तेव्हापासून असे. रोज सकाळी गॅलरीत उभे राहून विचारतात, "नांगर टाकला काय?"

पहिल्यांदा कुणी हसायचं, कुणी गप्प बसायचं. आता मी सांगते, "टाकला, काका."

"पाणी किती?"

"भरपूर."

मग चहा पितात. नाहीतर पीतच नाहीत.

राधाबाई म्हणतात, ह्या म्हाताऱ्याचं बरं आहे, वादळ अजून यायचंय त्याच्यासाठी.

१४ जानेवारी

संक्रांत. समोरच्या चाळीतून हळदीकुंकवाला बोलावणं आलं. किती दिवसांनी कुणी बोलावलं! कमलाबाईंची निळी साडी नेसून गेले. ओळीत बसले. यजमानीण एकेकीला कुंकू लावत आली. माझ्यापाशी बोट पुढे केलं — न् पलीकडून कुणीतरी पुटपुटलं, "वादळातली ना ही?"

बोट तसंच राहिलं. कुंकू भरलेलं. माझ्या कपाळापासून चार अंगुळं.

तिलाही कळेना बिचारीला. लावावं तर अशुभ, न लावावं तर त्याहून अशुभ. मीच उठले. तिळगूळ घेतला, गोड बोलते म्हटलं, आले.

घरी राधाबाईंना सांगितलं. त्यांनी चाचपत माझं कपाळ शोधलं, अंगठ्याने पुसल्यासारखं केलं, का लावल्यासारखं, ठाऊक नाही. "माका काय दिसता," म्हणाल्या, "माझ्यासाठी सगळी कपाळां सारखी."

१५ जानेवारी

बाळ फिरतंय. कोळंबीसारखं.

२८ जानेवारी

दिरांचं कार्ड आलं. मीच लिहिलं होतं, गावी येऊ का म्हणून. चार ओळी. इथे जागेची अडचण आहे, तुम्ही शहरात आहात तिथे सोय होईल, ईश्वर इच्छा. ह्यांच्याबद्दल एक शब्द नाही! सख्खा भाऊ. शोक नाही, चौकशी नाही.

शब्द सापडले नसतील.

९ फेब्रुवारी

धोंडूकाका हरवले! सकाळी चहाला आले नाहीत. खोली उघडी, घोंगडी घडी घातलेली. कमलाबाई लालबागकडे, नानांना निरोप, मी प्रभादेवीकडे. कमलाबाई ओरडत होत्या, "आठवा लागलाय तुला, बस खाली!" पण मला माहीत होतं ते कुठे असणार.

वादळानंतर मी तिकडे गेलेच नव्हते. सिद्धिविनायकाच्या मागून खाली उतरले तर — काहीच नाही. नुसती वाळू. आमच्या झोपड्या होत्या तिथे पोरं विटीदांडू खेळत होती. वाळू इतकी स्वच्छ, जसं कुणी कधी तिथे राहिलंच नाही. माझी चूल कुठे होती ते शोधायला लागले. माडाच्या एका थोटकावरून अंदाज घेतला, सात पावलं मोजली, उभी राहिले. ऊन होतं. समुद्र इतका शांत की त्याच्यावर राग धरवेना. मला वाटलं, मीच स्वप्नात आहे, आणि खरी मी आत्ता इथे चुलीपाशी बसून पेज ढवळतेय.

धोंडूकाका काठाला बसले होते, पाय पाण्यात. मी शेजारी बसले. म्हणाले, "कुणी उतरूक नाय गो. मी बघतंय सकाळपासून." काय बोलायचं? म्हटलं, काका, आपलं गलबत तिकडे लागलंय, परळला. चला, तांडेल थांबलाय. लगेच उठले.

परतताना दगडू भेटला. ह्यांच्याच धक्क्यावरचा, दुसऱ्या पडावावर असायचा. मला बघून चपापला. मी विचारलं, त्या दिवशी धक्क्यावर होतास ना? म्हणाला, होतो. हे पडावावर चढले तेव्हा काही बोलले का? दगडू कान खाजवत राहिला. "वहिनी, खरं सांगू? चढताना मी काय त्याला बघितला नाय. माणसं पाच होती असं मागाहून सांगतात. मी चारच मोजली होती."

चारच!

मी त्याच्या पायाच पडले असते. सगळा रस्ता धोंडूकाकांचा हात धरून आले, आणि पाय जमिनीला लागत नव्हते.

१० फेब्रुवारी

म्हणजे चढलेच नसतील. ताप आला असेल. धक्क्यावर कुणी दवाखान्यात नेलं असेल. डोक्याला मार बसला असेल धोंडूकाकांसारखा, नाव आठवत नसेल. कुठल्यातरी घरात कुठल्यातरी खिडकीशी बसून विचारत असतील, नांगर टाकला काय.

कुणीतरी टाकला म्हणत असेल ना त्यांना?

२१ फेब्रुवारी

कमलाबाई माझ्याबरोबर तीन दवाखाने फिरल्या. नाव विचारलं की मी गप्प, त्याच सांगायच्या. नवऱ्याचं नाव मी अजून तोंडाने घेतलेलं नाही. कुठेच नाहीत.

जिन्यात बसलो दोघी. कमलाबाई म्हणाल्या, "कागद माणसाला मारत नाही, सुभद्रा. पण कागद नसेल तर जूनमध्ये तान्ह्या पोराला घेऊन तू फुटपाथवर असशील."

"मी लिहून दिलं आणि ते आले तर?"

"तर मी माझ्या हाताने फाडीन तो."

"माझ्या हाताने लिहायचं? मयत?"

माझे पाय सुजले होते. कमलाबाई ते मांडीवर घेऊन चोळत राहिल्या.

६ मार्च

दुपार. ऊन भिंतीवरून उतरतंय. राधाबाईंना मी रोज ह्या वेळी खिडकीतलं सांगते. आज हिरवं लुगडं नाही, पिवळं आहे. समोरचा माणूस दाढी करतोय. खालून मोर्चा चाललाय, झेंडे, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' — ते त्यांना ऐकू येतंच. राधाबाई विचारतात, "आणि दर्या?" मी म्हणते, दर्या इथून दिसत नाही. "बघ, बघ. शेवटच्या गिरणीच्या मागे बघ."

चिमणीच्या धुरामागे खरंच एक निळी रेघ दिसली. असेल आभाळाची. मी म्हटलं, आहे.

१९ मार्च

हे रोज येतात आता. बोलत नाहीत. बसतात. माझ्या पोटाकडे बघतात न् हसतात. खरे कधी इतका वेळ बसले नव्हते माझ्यापाशी. घरी असले तरी डोळे दाराकडे. मी समजायचे, दर्यावर्दी माणूस, चार भिंतींत जीव घुसमटतो.

हे लिहिलं न् अपराधी वाटलं. खोडत नाही.

३ एप्रिल

मुलगी!

५ एप्रिल

परवा जास्त लिहिता आलं नाही. सकाळी सहाला कळा, साडेदहाला मोकळी. दवाखान्यात न्यायला वेळच नव्हता. कमलाबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतपणासाठीच तर बांधलंय हे घर." राधाबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोर रडली तेव्हा सगळं घर जिन्यात उभं होतं. नऊच्या नऊ... सात. मी न् राधाबाई आत.

धोंडूकाकांनी बाहेरून विचारलं, "कोण उतरला?"

कमलाबाई ओरडल्या, "एक बाई उतरली!"

ह्यांच्यासारखी हनुवटी आहे. अगदी तश्शी.

मला रडू आलं. वादळानंतर पहिल्यांदा. इतकं आलं की उशी बदलावी लागली.

१४ एप्रिल

बारसं. कमलाबाई सकाळी जयंतीच्या मिरवणुकीला जाऊन आल्या, कपाळाला घाम, हातात निळ्या कागदाचा झेंडा. तोच पाळण्याला लावला. पाळणा सूतिकागृहातलाच, माळ्यावर सापडला. समोरच्या चाळीतली संक्रांतीची यजमानीण आली होती, कुंची शिवून घेऊन. माझ्याकडे बघवेना तिला. मी तिचाच हात धरून पाळण्याच्या दोरीला लावला.

नाव तारा ठेवलं. धोंडूकाकांना 'तारू' ऐकू आलं. "तारू! बेस नाव," म्हणाले. "बुडूचा नाय."

आता सगळे तारूच म्हणतात.

१ मे

महाराष्ट्र झाला! काल संध्याकाळपासून लालबाग-परळ उजळून निघालंय. गॅलरी-गॅलरीत कंदील, गिरण्यांवर दिव्यांच्या माळा, लेझीम. नाना आले, पेढे घेऊन. डोळे भरलेले. ज्यांना गोळ्या लागल्या त्यांची आठवण काढली, मग पुढे बोलवेना. आम्ही सगळे गॅलरीत बसलो. राधाबाई म्हणाल्या, सांग. मी सांगत राहिले — लाल, पिवळे, हिरवे, आता एक फुलबाजा, आता एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर. तारू कुशीत डोळे उघडून दिवे बघत होती. खोली, गॅलरी, चाळ, सगळं एका मोठ्या पाण्यावर तरंगत चाललंय असं वाटलं. भीती नाही वाटली.

ह्यांनी बघायला हवं होतं. असतील तिथून बघत असतील.

१२ मे

नाना परत आले. ह्या वेळी बसले नाहीत. यादीत बत्तीस जण वाट बघतायत खोलीची. "मला समितीपुढे उत्तर द्यावं लागतं, ताई. एकतीस तारीख."

मी सांगून टाकलं. सही करणार नाही. नवरा जिवंत असताना त्याला मारून मिळवलेली खोली मला नको. तारूला उद्या काय सांगू, तुझ्या बापाच्या नावापुढे हे मी लिहिलं?

नाना म्हणाले, "जिवंत आहेत कशावरून?"

"मला माहीत आहे."

राधाबाई भिंतीपलीकडून ऐकत होत्या. नाना गेल्यावर म्हणाल्या, "माका सोडून जातलंस?" मी त्यांच्या उशाशी जाऊन बसले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१८ मे

कमलाबाईंच्या मावशीची नायगावात खोली आहे. आधीच अकरा माणसं. म्हणाल्या, बारा करू, तेरा करू, बघू. एक ट्रंक दिली. कपडे भरायला घेतले. फार नाहीत.

२२ मे

तारूला देवी टोचून आणायला दादरला गेले होते. परतताना फुलबाजाराच्या तोंडाशी माझा नवरा दिसला. धुतलेला सदरा, कडेवर दोन वर्षांची मुलगी. शेजारी बाई, गळ्यातलं मंगळसूत्र माझ्याइतकंच जुनं. मुलगी त्याला "बाबा" म्हणाली. त्याने मला बघितलं. तारूला बघितलं. बराच वेळ. मग फुलवाल्याकडे वळून म्हणाला, "अबोली दी रे."

मी हाक मारली नाही.

घरी येऊन कमलाबाईंकडून कागद मागून घेतला. त्या बघतच राहिल्या. पतीचे नाव — जयवंत. मयत. खाली सही.